माशांचं पाणी

आमच्या दुकानात मासा नुसते पैसे टाकून मिळत नसे. तो मागावा लागे, कुणाची मुलगी मागावी तसा. गिऱ्हाईक ओट्यावर चढलं की नाना, म्हणजे माझे वडील, आधी त्याला लाकडी बाकावर बसवत आणि विचारपूस सुरू करत. घरात लहान मूल काचेवर खेळणी आपटणारं आहे का, टाकी कुठे ठेवणार, तिथे दुपारचं ऊन येतं का, स्वयंपाक स्टोव्हवर होतो की गॅसवर, आणि परगावी गेलात तर माशांकडे कोण बघणार. माणूस बिचारा पोराच्या हट्टापायी दोन सोनेरी मासे न्यायला आलेला असे, त्याला वाटे आपण चुकून कचेरीत शिरलो. एवढं करूनही नाना त्या दिवशी फक्त टाकी देत. ती घरी नेऊन पाण्यानं भरायची, आठ दिवस तशीच माशांवाचून ठेवायची, मग नाना सायकलवरून घर बघायला जाणार, आणि घर पसंत पडलं तर मासे. काचेच्या वाडग्यात मासा ठेवतो म्हणणाऱ्याला ते सरळ सांगत, “तुम्ही आधी आठवडाभर न्हाणीघरात राहून दाखवा, मग देतो.” आमच्या गल्लीत तर म्हणच पडली होती : घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून आणि मासा पाहावा नानांकडून घेऊन.

गल्ली धुळ्यातली. आमच्या भागात गल्ल्यांना नावं नव्हती, नुसते नंबर, त्यामुळे पाहुण्यांना पत्ता सांगताना “मासेवाल्या नानांची गल्ली” असं सांगायची सोय आमच्यामुळे झाली असं आई म्हणे. ते ती कौतुकानं म्हणे की वैतागानं, हे तिच्या त्या दिवशीच्या कंबरदुखीवर अवलंबून असे. नाना गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या कुणी पानटपरी टाकली, कुणी शेताकडे परतलं. नानांनी मात्र लहानपणापासून मनात धरलेली गोष्ट केली. ते पोरवयात भुसावळला मामांकडे शिकायला होते आणि तिथल्या रेल्वे कॉलनीत एका साहेबांच्या व्हरांड्यात माशांची टाकी होती. कुंपणाबाहेर उभं राहून ती बघता बघता शाळेला उशीर झाला म्हणून त्यांनी पुष्कळ छड्या खाल्ल्या होत्या. त्या छड्या वसूल करायचं त्यांनी पन्नाशीला आल्यावर ठरवलं. दिवाळीच्या सुमारास काच जळगावहून आली, मासे मुंबईहून प्लॅस्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांत चाळीसगावपर्यंत आणि तिथून धुळ्याच्या पॅसेंजरनं आले, आणि आमच्या घराची पुढची खोली गेली ती कायमची गेली.

आई सावद्याची, केळीच्या बागाईतदारांच्या घरातली, गळ्यात तुळशीची माळ. तिच्या माहेरी माशाचं नावही घ्यायचं नाही, वासाची तर बातच सोडा. तिनं पहिल्या दिवशी टाक्यांकडे पाहिलं आणि नानांना एवढंच विचारलं, “हे इथंच राहणार ना? माझ्या चुलीकडं नाही ना येणार?” पण माशांसाठी बारीक लाल अळ्या मागच्या अंगणातल्या फुटक्या माठात ठेवाव्या लागत आणि त्यांचं पाणी रोज बदलावं लागे, ते महिन्याभरात तीच करू लागली. अळ्यांना हात लावताना डोळे मिटून घेई. कळण्याची भाकरी थापावी तर आईनं, वांग्याचं भरीत ठेचावं तर आईनं. पण हात धुऊन धुऊन तिला शंका येई आणि जेवायला बसल्यावर ती मला आपला हात हुंगायला लावी. मी लसणीच्या वासाशिवाय दुसरा वास आला नाही असं सांगितलं, की मगच ती पहिला घास घेई.

त्या घराचा आवाज म्हणजे हवेच्या पंपाची घरघर आणि सगळ्या टाक्यांतून मिळून येणारी बुडबुड. ती इतकी अंगवळणी पडली होती, की लाइट गेल्यावर शांतता झाली तरच आम्ही दचकत असू. लाइट जाणं हे आमच्याकडे संकटच. पंप बंद म्हणजे माशांची हवा बंद. उन्हाळ्यात धुळ्याची दुपार कशी असते हे धुळेकरांना सांगायला नको. काचेवर ओली पोती गुंडाळलेली असत, तरी पाणी कोमट होई आणि मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागत. मग नाना हाक मारत, “शालू, तांब्या!” मी, आई, नाना, पाहुणे असले तर पाहुणेसुद्धा, ज्यानं त्यानं एकेक टाकी धरायची, तांब्यानं पाणी वर उचलायचं आणि धार धरून उंचावरून सोडायचं. पाण्यात पाणी पडलं की हवा मिसळते. हात भरून येत, तरी थांबायचं नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरपणाला आलेली आत्या एकदा झोका सोडून दुपारभर तांब्या घेऊन उभी होती आणि नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. गंमत अशी, की दर थोड्या वेळानं तीच विचारे, “तो काळा मासा बरा आहे का रे आता?”

गिऱ्हाइकं सुरुवातीला फार नव्हती. जी येत त्यांतली निम्मी वेगळ्याच अपेक्षेनं येत. एकदा खेड्यातले एक म्हातारे आबा बाजारची पिशवी घेऊन ओट्यावर चढले आणि टाकीत डोकावून म्हणाले, “इतला बारका मासा? एक घासना बी नहीत!”

“खावाले नहीत आबा, देखाले शेत,” नाना म्हणाले, म्हणजे खायचे नाहीत, बघायचे आहेत. घरात आम्ही शहरी बोलत असलो, तरी नानांची अहिराणी अशा वेळी आपोआप वर येई.

“देखाले? मंग त्यासले खावाले कोन देस?”

“मी देस.”

आबा पोट धरून हसले. “म्हंजे तू मासा खात नहीस, मासाच तुले खाई ऱ्हायनात!” असं म्हणून ते बाकावर बसले, पाणी प्याले आणि निघून गेले. आईनं हे वाक्य पुढे अनेक वर्षं वापरलं.

मी तेव्हा आठवीत होते आणि तोंडाची फटकळ होते. आता साठी जवळ आली तरी आहे. शाळेतून आले की गल्ल्यावर बसणं माझ्याकडे, आणि नाना पार्सल आणायला गेले की गिऱ्हाइकांना उपदेश करण्याचं कामही माझ्याकडे. खाणं चिमटीत मावेल एवढं नाही, चिमटीला चिकटेल एवढंच घालायचं. नवा मासा पिशवीतून सरळ पाण्यात ओतायचा नाही, पिशवी बांधलेलीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग सोडायचा. मोठमोठ्या माणसांना मी हे सुनावत असे, आणि आमच्या धंद्यात ते शोभूनही दिसे. आज माझा नातू ज्या दुकानातून मासे आणतो तिथला मुलगा फोनवर बोलता बोलता जाळीनं मासा काढतो, पिशवीला गाठ मारतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मी त्याला विचारलं, “बाबा रे, आमच्या घरचं पाणी कसलं आहे ते तरी विचार.” तो म्हणाला, “आजी, हे औषधाचे दोन थेंब टाका, सगळं पाणी चालतं.” मला त्याचा राग आला नाही, नाना आठवले.

आमच्या दुकानातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे दारावरची पाटी. पत्र्याची, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, रंगाऱ्याकडून खास करून घेतलेली. ‘जे पाणी आपण पितो, तेच माशांना द्या.’ हे वाक्य नानांचं स्वतःचं होतं आणि त्यांना त्याचा भारी अभिमान होता. त्यामागे विचारही होता. लोक माशांना वापरायच्या पिंपातलं पाणी घालत, नाहीतर नळाचं ताजं पाणी तसंच, आणि नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा असा वास येई की मासे तासाभरात आडवे. पिण्याचं पाणी मात्र घरोघरी गाळून माठात भरलेलं, रात्रभर मुरलेलं, पावडरीचा वास उडालेलं. शिवाय माणूस बाकी कशात हयगय करेल, पिण्याच्या पाण्यात करत नाही, असं नानांचं म्हणणं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पाटीनं काम चोख केलं. आमच्या घरी मागे विहीर होती. आम्ही तिचंच पाणी पीत होतो, मासेही त्याच पाण्यात होते, आणि नाना तर कावीळ होऊन उठल्यापासून त्या विहिरीखेरीज दुसरीकडचा पाण्याचा थेंब तोंडात घालत नसत. कुणाच्याही घरी गेले की हात वर करत, “पाणी नको, चहा नको, आधी टाकी दाखवा.”

रंजना माझ्या वर्गातली, माझ्या बाकावरची. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, सगळे तिला सिस्टर म्हणत, नानाही. वडील साक्रीकडे एका शाळेवर मास्तर, शनिवारी येत, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जात. रंजना बोलायला कमी आणि कामाला नेटकी. माझी वही उघडली की पानं सुटत, तिच्या वहीचे कोपरेसुद्धा दुमडलेले नसत. दोघींचं जमलं ते बहुतेक यामुळेच. मी बोलायची, ती ऐकायची आणि मधेच एक वाक्य असं टाकायची की माझी बोलती बंद. तिला मासे हवे होते. सिस्टरनी चार-पाच महिने पैसे बाजूला टाकून टाकी घेतली, नानांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि घर बघायला नानांबरोबर मीही गेले. स्वच्छ, सारवल्यासारखी फरशी, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, टाकीसाठी खास सुताराकडून करून घेतलेलं स्टँड. नानांना घर इतकं आवडलं की त्यांनी दोन गोल्डफिश दिले, काळे मोली दिले आणि एक एंजल आपल्या मर्जीनं वर घातला. निघताना सिस्टरनी तांब्या-पेला पुढे केला. नानांनी नेहमीप्रमाणे हात वर केला. पावसाळा लागल्यावर नाना परत एकदा विचारपूस करायला गेले, तेव्हाही तांब्या पुढे आला आणि तेव्हाही त्यांनी हात वर केला.

नाना कुणाकडेच पाणी पीत नसत हे खरं. ब्राह्मण डॉक्टरांकडे नाही, मारवाडी शेटजींकडे नाही, सख्ख्या मावशीकडेही नाही. पण सिस्टरना ते कुठून ठाऊक असणार? ज्या घरातल्या माणसांना मागच्या पिढीपर्यंत गावाच्या विहिरीवर उभं राहू दिलं नाही, त्या घरात कुणी पाण्याला हात वर केला तर त्याचा अर्थ एकच निघतो. माझ्या ते तेव्हा डोक्यातही आलं नाही. नानांच्या आलं नसेल असं मला आजही वाटतं, आणि ते न येणं हीच तर आमच्यासारख्यांची सोय होती, असंही वाटतं.

मग मासे मरायला लागले. एका घरी नाही, गावभर. लोक मेलेला मासा डबीत, बरणीत, कुणी रुमालात घेऊन येत. नाना कल्ले उघडून बघत. त्यांवर पांढरट साय धरलेली असे. “पाणी,” ते म्हणत, “पाण्यानं गेला.” गिऱ्हाईक शपथेवर सांगे की पाटीवर लिहिलंय तसंच, पिण्याचंच पाणी घातलं. नाना मान हलवत. त्यांना खोटं बोलणाऱ्या माणसापेक्षा निष्काळजी माणसाची चीड जास्त होती, आणि इथे त्यांना दोन्ही एकत्र दिसत होतं. त्यांच्या स्वतःच्या टाक्यांत मासे ठणठणीत होते, म्हणजे रोग नाही, म्हणजे चूक घरच्यांची. त्यांनी नियमच केला, ज्याच्याकडे मासे मेले त्याला परत मासा नाही. गल्ला रिकामा राहू लागला तरी नियम नियमच. दिवसेंदिवस त्यांचा पारा चढत गेला, झोप उडाली, जेवणात लक्ष लागेना. त्यांना मासे मेल्याचं दुःख होतं हो, खरोखर होतं. पण त्यांच्या दुःखाचं तोंड नेहमी समोरच्या माणसाकडे वळलेलं असे.

अशा दिवसांत एका संध्याकाळी सिस्टर आल्या. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या, पांढऱ्या साडीतच, बरोबर रंजना. दुकानात चार-पाच माणसं होती. सिस्टरनी पिशवीतून बरणी काढली. आत नानांनी मर्जीनं दिलेला तो एंजल होता. “बठ्ठे गेले, नाना,” त्या म्हणाल्या. “हा शेवटचा. काय चुकलं ते सांगा, म्हणजे पुढं...”

नानांनी बरणी उजेडात धरली. त्यांचा आवाज चढला. “चुकलं काय विचारता? पाणी बघा! माणसं पितात ते पाणी असं असतं? घाण पाण्यात ठेवलेत तुम्ही मासे. असल्या घाण पाण्याच्या घरात मी पुन्हा मासा देणार नाही.”

सिस्टरनी बरणीसाठी हात पुढे केला, झाकण घट्ट लावलं, रंजनाचा हात धरला आणि ओटा उतरल्या. बाकावरचा एक माणूस दुसऱ्याकडे बघून कसंसंच हसला. ते हसू मला कळलं आणि माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी रंजना वर्गात पुढच्या बाकावर जाऊन बसली. मी हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही. चिठ्ठी टाकली, ती न उघडता तिनं कंपासपेटीखाली सरकवली. डबा खायच्या सुट्टीत ती व्हरांड्याच्या टोकाला एकटीच बसे. मला वाटायचं ती रागावली आहे. राग तर होताच, पण तिचे डोळे रडून सुजलेले असत, आणि आईला कुणी बोललं म्हणून कुणी इतके दिवस रडतं का, हे मला उमगत नव्हतं.

मी नानांशी बोलणं टाकलं. गल्ल्यावर बसायची, पण उपदेश बंद. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर म्हणायची, “नानांना विचारा, त्यांना सगळं कळतं.” नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत. हे किती दिवस चाललं असतं देव जाणे, पण आईला जेवणावर रुसणारी माणसं खपत नसत. त्या दिवशी तिनं केळीच्या भाजीसोबत गरम भाकरी वाढली, आम्ही दोघंही ताटाकडे बघत बसलो, आणि तिची सावद्याची बोली उसळून आली.

“मले एक सांगा,” ती नानांना म्हणाली, “तुम्ही पोरगी द्यावी तसा मासा देता ना? घर पाहता, माणसं पाहता. मंग पोरगी सासरी मेली तं बाप तिथं जाऊन पाहतो का कशानं मेली, का घरी बसून सासरच्यायले शिव्या देतो?”

नानांनी घास खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “शालू, सिस्टरची ड्यूटी कधी असते तुला माहीत आहे का?”

आम्ही रविवारी सकाळी गेलो. दार सिस्टरनीच उघडलं. “या” म्हणाल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत. टाकी स्टँडवर होती, कोरडी, आतून पुसून लख्ख केलेली. रिकाम्या टाकीत खिडकीचं ऊन पडलं होतं. रंजना आतल्या दारात उभी होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

“सिस्टर, मला पाणी बघायचं होतं,” नाना म्हणाले. आवाज मऊ होता, पण माफीचा नव्हता.

“बघा की.” त्यांनी पिण्याच्या माठाकडे बोट केलं. नानांनी झाकण काढलं. पाणी इतकं निवळ होतं की माठाचा तळ दिसत होता. त्यांनी हातात घेतलं, वास घेतला, उजेडाकडे जाऊन पाहिलं. त्यांचा चेहरा गोंधळला.

“नुसतं बघून काय कळणार आहे?” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पेला धुतला, माठातून भरला आणि नानांच्या समोर धरला. “प्या ना, भाऊ. घाण आहे का बघा पिऊन. दोनदा आलात आमच्या घरी, दोनदा हात वर केलात. मासे याच पाण्यात राहिले, आम्ही याच पाण्यावर जगतो. पिऊन सांगा.”

‘भाऊ’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला की नानांची मान खाली गेली. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना त्यांच्या वर केलेल्या हाताचा दुसरा अर्थ पहिल्यांदा दिसला. ते काहीतरी बोलू लागले, काविळीचंच असणार, आणि मधेच थांबले. सांगून उपयोग नव्हता. त्यांनी पेला घेतला आणि एका दमात प्याले. आणि त्यांचं तोंड आवळलं. गाल आत ओढले गेले, जीभ टाळूला चिकटावी तसं झालं.

“तुरटी?” ते म्हणाले.

“मग? पावसाळ्यात तुरटी फिरवल्याशिवाय कोण पितं? नळाला चिखल येतो, भाऊ. तुमच्या घरी येत नाही का?”

“आमच्याकडे विहीर आहे,” नाना म्हणाले, आणि ते वाक्य संपायच्या आत त्यांना सगळं कळलं. मलाही कळलं. पावसाळा लागला, नदीचं गढूळ पाणी नळाला आलं, घरोघरी माठात तुरटी फिरू लागली, आणि ज्यांनी ज्यांनी पाटी वाचली, त्यांनी प्रामाणिकपणे तेच पाणी माशांना घातलं. कल्ल्यांवरची ती पांढरट साय तुरटीनंच धरलेली. निष्काळजी घरातले मासे पिंपातल्या गढूळ पाण्यात जगले, आज्ञाधारक घरातले मेले. आमच्या नळाच्या तोटीला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, म्हणून हे आम्हाला सुचलं नाही. तुरटी कुणाला माहीत नसते? नाना दाढी केल्यावर रोज गालाला लावत.

तेवढ्यात आतल्या दारातून बारीक आवाज आला. “मी फिरवायचे,” रंजना म्हणाली. “माशांच्या पाण्यात जास्त फिरवायचे. आपल्यापेक्षा त्यांचं स्वच्छ पाहिजे म्हणून.” तिनं एकदा नानांकडे, एकदा रिकाम्या टाकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती आत निघून गेली. सिस्टर तिच्यामागे दोन पावलं गेल्या आणि परत आल्या.

“सिस्टर, तुमचं काही चुकलं नाही,” नाना म्हणाले. “माझ्या सांगण्यानं मेले ते. मी फार वाईट बोललो. मला माफ करा.”

“इथं नका सांगू,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “घाण पाण्याचं घर, हे तुम्ही माझ्या घरी येऊन म्हणाला नव्हतात. दुकानात म्हणालात, माणसांसमोर. मला त्या रस्त्यानं रोज दवाखान्यात जायचं असतं.”

नानांनी मान हलवली. परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते, मी बाजूनं. त्याच दुपारपासून त्यांनी ज्यांच्या ज्यांच्याकडे मासे मेले होते त्या घरांना फेरी सुरू केली. प्रत्येक घरी आधी पाणी मागत, पीत, आणि मग बोलत. काविळीला भिणारा माणूस गावभर परक्या माठांतलं पाणी पीत फिरला, आणि पुढे दुकान चालवलं तोवर ही पद्धत त्यांनी मोडली नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्यानं होईना. पाटी तशीच राहिली. “खाली एक ओळ वाढवून घेऊ,” असं ते म्हणत. “पावसाळ्यात तुरटी नको, एवढं.” रंगाऱ्याला निरोप गेला, रंगारी काही आला नाही, आणि नानांनी दुसरा निरोप पाठवला नाही. निळा रंग अजून नवाकोरा होता. आपलं वाक्य खोटं ठरलं हे कबूल करणं सोपं होतं, ते स्वतःच्या हातानं उतरवणं जड जात होतं.

पुढच्या रविवारी दुकान भरलेलं असताना सिस्टर आल्या. नानांनी बोलावलं होतं आणि मुद्दाम बाजारच्या वेळेला. रंजना आईच्या पदराआड होती, यायची तिची इच्छा नव्हती हे दिसत होतं. नाना गल्ल्यामागून पुढे आले. त्या दिवशी हसलेला तो माणूसही होता, नानांनी त्याला नावानं हाक मारून जवळ बोलावलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, “मी या बाईंच्या घराला घाण पाण्याचं घर म्हणालो होतो. मी त्यांच्या घरचं पाणी पिऊन आलो आहे. माझ्या विहिरीच्या पाण्याहून ते स्वच्छ आहे. त्यांचे मासे माझ्या चुकीच्या सल्ल्यानं मेले, आणि वर मी त्यांनाच बोललो. चूक माझी आहे.” त्यांनी हात जोडले. सिस्टरनी डोळ्यांनीच ते स्वीकारलं. आतल्या दारात आई पदर तोंडाला लावून उभी होती. मला नानांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

इथे सगळं संपायला हवं होतं, मोठ्या माणसांच्या हिशोबानं ते संपलंही होतं. पण रंजना रडत होती. आवाज न करता, नाक वर ओढत. सिस्टर तिला म्हणाल्या, “आता का रडतेस? सांगितलं ना नानांनी?” तिनं मान हलवली. “तुरटी तर मीच फिरवली,” ती म्हणाली. “ते तुला बोलले. पण मारले मी.”

तेव्हा मला तिचे सुजलेले डोळे कळले. आधी तिला वाटत होतं आपल्याकडून काहीतरी चुकलं, काय ते कळत नव्हतं. गेल्या रविवारी ते कळलं होतं. आम्ही तिच्या आईला मोकळं केलं आणि सगळा भार या मुलीच्या अंगावर टाकून निघून आलो. नानांचाही चेहरा उतरला. ते फरशीवर उकिडवे बसले, तिच्या खाली घातलेल्या चेहऱ्याकडे बघत.

“तू पाटी वाचली होतीस?”

“हो.”

“पाटीवर लिहिलं तसंच केलंस?”

“हो. रोज.”

“मग तू नाही मारले, बेटा. एवढ्या मनापासून माझं कुणी ऐकलं नव्हतं. सांगणारा चुकला. ऐकणाऱ्याचा त्यात दोष नसतो.”

रंजना विचार करत राहिली. ती कुठलीही गोष्ट नीट तपासल्याशिवाय मान्य करत नसे, हे मला बाकावरच्या इतक्या दिवसांत माहीत झालं होतं. तिनं डोळे पुसले आणि दाराच्या वर पाहिलं.

“ती चुकीची आहे ना?” ती म्हणाली. “मग ती अजून वर का आहे?”

नाना उठले. त्यांनी रंगाऱ्याचं नाव काढलं नाही, एक ओळ वाढवायचंही नाही. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल दारात आणून ठेवलं आणि पक्कड घेऊन वर चढले. स्टूल जुनं होतं, त्यांच्या वजनानं डुगडुगू लागलं. मी धावत जाऊन खाली बसले आणि त्याचा एक पाय धरला. दुसऱ्या बाजूला कुणीतरी येऊन बसलं आणि दुसरा पाय धरला. वर पहिला खिळा कुरकुरत निघाला, गंजाची भुकटी आमच्या केसांवर पडली.

“घट्ट धर,” रंजना मला म्हणाली, “पडतील तुझे नाना.”